आठवड्याला एक संवाद, त्याला जोडून एक छोटे वाचन: इंग्रजीच्या सरावाचा क्रम

इंग्रजीचा सराव सुरू केलेली मोठी माणसे बहुधा तिसऱ्या आठवड्यात तो सोडून देतात. पहिल्या आठवड्यात काळांचा तक्ता पाठ होतो, दुसऱ्यात रोज दहा शब्द पाठ करण्याचा नेम धरला जातो, आणि तिसऱ्यात कोणीतरी सांगितले म्हणून इंग्रजी वर्तमानपत्र विकत आणले जाते. त्यातल्या पहिल्याच बातमीत दहा-बारा शब्द अडतात आणि पेपर रद्दीत जातो. परळला संध्याकाळी मी मोठ्यांचा एक छोटा सराववर्ग घेतो, आणि तेथे नव्याने येणारे बहुतेक जण याच वाटेने गेलेले असतात. या तिन्ही गोष्टी वाईट नाहीत. त्या फार लवकर केल्या जातात, एवढेच.

पुढे दिलेला क्रम असा आहे: आठवड्याला एकच संवाद, तोही त्या आठवड्यात खरोखर घडणारा, त्यात आधी ऐकणे, मग बोलणे, मग त्याच विषयावरचे पाच-सहा ओळींचे वाचन, आणि लिहिणे सर्वांत शेवटी. ज्यांना इंग्रजी अक्षरे वाचता येतात, दुकानाची पाटी लागते, पण समोरच्याने इंग्रजीत काही विचारले की तोंडातून शब्द फुटत नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. लेखातली इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत ती जिभेसाठी. तुमच्या वहीत मात्र ती इंग्रजी अक्षरांतच उतरवावीत.

## तयारी: पहिले वाक्य बोलण्यापूर्वी

साहित्य फारसे लागत नाही. दोनशे पानी वही, फोनमधले आवाज नोंदवण्याचे ॲप, आणि रोजची वीस मिनिटे. ही वीस मिनिटे एकसंध असावीत आणि ठरलेल्या वेळी असावीत. रविवारी सलग दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही.

जोडीदार मिळाला तर काम निम्मे होते. मात्र तो निवडताना एक सांगतो: इंग्रजी माध्यमात शिकणारे स्वतःचे मूल जोडीदार म्हणून घेऊ नका. ते भरभर बोलते, तुमच्या उच्चाराला हसते, आणि दोन दिवसांत तुम्ही गप्प होता. मुलाकडून वाक्ये सावकाश वाचून नोंदवून घ्यावीत, कारण तेथे त्याचा उपयोग फार चांगला होतो. सराव मात्र आपल्याच पातळीच्या माणसाबरोबर करावा. लोकलच्या रोजच्या ग्रुपमधली मैत्रीण, शेजारच्या खोलीतल्या वहिनी, कारखान्यातला पाळीतला सोबती, कोणीही चालेल.

वहीच्या पहिल्या चार पानांवर एक यादी करा: तुम्ही मराठी बोलताना रोज जे इंग्रजी शब्द वापरता ते सगळे. प्लॅटफॉर्म, पास, रिटर्न, फास्ट, स्लो, लेट, रिचार्ज, बिल, फॉर्म, सही-शिक्का सोडून बँकेतले जवळजवळ सगळे. मुंबईत राहणाऱ्या माणसाची ही यादी पहिल्याच बैठकीत शंभराच्या पुढे जाते, आणि ‘मला इंग्रजीतले काहीच येत नाही’ हे म्हणणे तेथेच संपते.

सावधान. यादीतल्या काही शब्दांचा अर्थ आपण मराठीत वळवून घेतला आहे. त्यांच्यापुढे खूण करा. औषधाच्या दुकानाला आपण ‘मेडिकल’ म्हणतो. इंग्रजीत ते ‘केमिस्ट’. ‘बॅटरी’ म्हणजे आपल्याकडे विजेरी, इंग्रजीत ‘टॉर्च’. बॅटरी म्हणजे तिच्या आतले सेल. ‘लाइट गेली’ हे ‘लाइट वेंट’ होत नाही. ‘देअर इज नो पॉवर’ म्हणावे. ‘हॉटेलात जेवलो’ म्हणताना बहुतेक वेळा ‘रेस्टॉरंट’ अभिप्रेत असते. ‘झेरॉक्स’ इथे सगळ्यांना कळते, पण परगावच्या माणसाशी बोलताना ‘फोटोकॉपी’ म्हणणे बरे.

## टप्पा १: संवाद निवडणे

निवडीच्या अटी तीन. संवाद याच आठवड्यात घडणारा असावा, तो ओळखीच्या जागी घडणारा असावा, आणि त्यात तुमच्यावर चार-पाचपेक्षा अधिक वेळा बोलण्याची पाळी येऊ नये. सोसायटीच्या फाटकावर पत्ता विचारणारा कुरिअरवाला, दवाखान्याच्या खिडकीवरची नोंदणी, बँकेतला केवायसीचा फॉर्म, पाळी बदलून मागण्यासाठी सुपरवायझरला केलेला फोन, हे सगळे चालते. विमानतळावरचा संवाद पुस्तकात पहिल्या धड्यात असतो म्हणून तो निवडू नये. ज्याला दोन वर्षे विमानात बसायचे नाही त्याने तो पाठ करून विसरण्यापलीकडे काही होत नाही.

लेखभर आपण एकच उदाहरण घेऊ, कारण माझ्या वर्गातल्या आयांची सर्वांत मोठी अडचण तीच असते. मूल इंग्रजी शाळेत आहे, काल तापामुळे गेले नाही, आणि वर्गशिक्षिकेला फोन करून तसे सांगायचे आहे.

तपासणी. निवडलेला संवाद मराठीत एका मिनिटात बोलून होतो का? होत नसेल तर तो मोठा आहे. अर्धा कापा.

## टप्पा २: मराठी वाक्य मोडून इंग्रजी वाक्य मिळवणे

येथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून येथे वेळ घ्यावा. दोन दिवस लागले तरी हरकत नाही.

वहीच्या डाव्या पानावर आपल्याला काय सांगायचे ते मराठीत लिहा. मग प्रत्येक वाक्यापुढे दोनच प्रश्न विचारा: यात कोण आहे, आणि त्याचे काय झाले? इंग्रजी वाक्याला ‘कोण’ आधी लागते, मग ‘काय केले किंवा झाले’, आणि ‘कुठे, केव्हा’ बहुधा शेवटी. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे आपण ते शेवटपर्यंत हातात धरून ठेवतो, आणि इंग्रजी बोलतानाही ‘माय सन यस्टरडे स्कूल...’ असे अडकून बसतो.

त्याहून मोठा खड्डा ‘मला’ आणि ‘त्याला’ या शब्दांचा आहे. ‘त्याला काल ताप होता’ याचे शब्दाला शब्द लावून ‘टु हिम यस्टरडे फीव्हर वॉज’ होते, आणि समोरच्याला काहीच कळत नाही. मराठीत ताप माणसाला येतो, भूक माणसाला लागते, भाषा माणसाला येते, मुले माणसाला असतात. इंग्रजीत यातल्या प्रत्येक वेळी माणूस पुढे येऊन उभा राहतो, आणि क्रियापद दरवेळी वेगळे असते. पुढची वाक्ये वहीत उतरवून घ्या:

- त्याला ताप होता: ही हॅड अ फीव्हर.
- मला भूक लागली आहे: आय ॲम हंग्री.
- मला मराठी येते: आय नो मराठी.
- मला दोन मुले आहेत: आय हॅव टू चिल्ड्रन.
- मला जायला हवे: आय हॅव टु गो.
- मला आवडले: आय लाइक्ड इट.

‘आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन’ आणि ‘आय ॲम नोइंग मराठी’ ही वाक्ये मुंबईत सर्रास ऐकू येतात. असणे, ठाऊक असणे, हवे असणे या अर्थांच्या क्रियापदांना सुरुवातीच्या काळात ‘इंग’ लावूच नये, एवढा नियम पुरे.

आता आपला संवाद असा तयार होतो.

— गुड मॉर्निंग, टीचर. आय ॲम कॉलिंग अबाउट माय सन. ही इज इन क्लास फोर बी.
— यस, व्हॉट हॅपन्ड?
— ही हॅड अ फीव्हर यस्टरडे, सो ही डिडन्ट कम टु स्कूल.
— इज ही बेटर नाऊ?
— यस, ही इज बेटर. ही विल कम टुमॉरो.
— ओके. प्लीज सेंड अ लेटर विथ हिम.
— शुअर, आय विल सेंड इट. थँक यू, टीचर.

यातली तीन ठिकाणे पुन्हा पाहा. ‘डिडन्ट कम’ मध्ये भूतकाळ ‘डिड’ ने एकदा सांगून झाला आहे, म्हणून ‘डिडन्ट केम’ नाही. ‘डिड यू वेंट’ हीदेखील तीच चूक. ‘ही विल कम टुमॉरो’ मध्ये ‘विल’ गाळू नये. मराठीत आपण ‘उद्या पाठवते’, ‘संध्याकाळी देतो’ असे वर्तमानकाळातच बोलतो, आणि त्यावरून ‘आय सेंड टुमॉरो’ तयार होते. तिसरे, चिठ्ठीला ‘इट’ म्हटले आहे. मराठीत चिठ्ठी ‘ती’ असते, ट्रेन ‘ती’ असते, फोन ‘तो’ असतो. इंग्रजीत निर्जीव वस्तू सगळ्या ‘इट’. दादरच्या पुलावर एकीने दुसरीला ‘शी इज लेट टुडे’ म्हटलेले मी ऐकले आहे, आणि ती कोणा बाईविषयी नाही, नेहमीच्या लोकलविषयी बोलत होती.

आदरार्थी बहुवचनही असेच घसरते. ‘साहेब आलेत’, ‘सासूबाई गावी गेल्यात’ यांतला मान इंग्रजीत क्रियापदातून दाखवता येत नाही. ‘सर इज हिअर’, ‘माय मदर-इन-लॉ इज इन द व्हिलेज’. एका व्यक्तीसाठी ‘आर’ किंवा ‘दे’ वापरल्यास ऐकणारा दुसरे माणूस शोधू लागतो. मान दाखवायचा तो ‘प्लीज’ आणि ‘कुड यू’ यांनी. आपल्याकडे ‘पाणी द्या’ यातल्या ‘द्या’मध्येच आदर आहे, त्यामुळे ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणताना आपण उद्धट बोललो असे आपल्याला वाटतच नाही. ‘कुड यू गिव्ह मी सम वॉटर, प्लीज?’ हे वाक्य एकदा पक्के झाले की ‘वॉटर’च्या जागी हवे ते घालता येते.

सावधान. भाषांतराचे ॲप वापरायला हरकत नाही, पण त्यात पूर्ण वाक्य घालावे, सुटा शब्द नव्हे. शिवाय आलेले इंग्रजी वाक्य उलट मराठीत करून पाहावे. ‘परवा’ हा शब्द घालून पाहा: गेलेला परवा आणि येणारा परवा हे मराठीत एकाच शब्दात बसतात, आणि कोणता ते यंत्राला प्रत्येक वेळी कळेलच असे नाही. गेलेला ‘द डे बिफोर यस्टरडे’, येणारा ‘द डे आफ्टर टुमॉरो’. जीभ अडखळत असेल तर सरळ वार सांगावा: ‘ऑन मंडे’.

तपासणी. तुमच्या वाट्याचे एकही वाक्य दहा-अकरा शब्दांहून लांब नसावे. असेल तर त्याची दोन करा. ‘अ’ आणि ‘द’ यांच्यामागे आता लागू नका. ‘अ फीव्हर’, ‘द बस’ असे ते शब्दाला चिकटूनच पाठ होऊ द्या.

## टप्पा ३: ऐकणे

वाक्ये तयार झाल्यावर लगेच घोकायला सुरुवात करू नये. कोणाकडून तरी, किंवा फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या आवाजाकडून, संपूर्ण संवाद नोंदवून घ्या. पहिल्या दिवशी वही बंद ठेवून तीन वेळा ऐका. दुसऱ्या दिवशी वही उघडी ठेवून दोन वेळा, आणि पुन्हा एकदा बंद ठेवून. ऐकताना दुसऱ्या माणसाच्या वाक्यांकडे अधिक लक्ष असावे, कारण प्रत्यक्षात तीच तुमच्या ताब्यात नसतात. ‘इज ही बेटर नाऊ’ हे बोलताना ‘इझीबेटर्नाउ’ असे एका दमात येते; तो एकच लांब शब्द आहे असे वाटून माणूस गोंधळतो.

मुंबईत कानाला फुकट सराव मिळतो तो लोकलमध्ये. डब्यातली घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते, आणि मराठीत काय सांगितले ते आधीच कळलेले असल्यामुळे इंग्रजी ऐकताना अर्थाची चिंता नसते. ‘नेक्स्ट स्टेशन’ सगळ्यांनाच येते. त्यापुढची घोषणा, म्हणजे फलाट आणि पायदान यांच्यातल्या अंतराविषयीची, ऐकत जा: तेथे ‘माइंड’ म्हणजे मन नाही, लक्ष ठेवणे. फलाटावर जलद गाडी कोठे थांबणार नाही हे सांगताना ‘विल नॉट हॉल्ट ॲट’ असे शब्द येतात. हे चार शब्द ओळखू येऊ लागले की त्यापुढची स्थानकांची नावे तुमची ओळखीचीच आहेत. गर्दीत मोठ्याने म्हणता येत नाही, पण ओठातल्या ओठात घोषणेमागून म्हणता येते, आणि कोणी पाहत नाही.

तपासणी. नोंदवलेला संवाद मध्येच थांबवा. पुढचे वाक्य कोणाचे आणि साधारण कशाबद्दल, हे सांगता आले तर पुढे जा. नाही आले तर आणखी एक दिवस ऐका.

## टप्पा ४: मोठ्याने बोलणे

मनातल्या मनात वाचणे म्हणजे बोलण्याचा सराव नव्हे. एक वाक्य वाचा, नजर वर करा, वहीकडे न पाहता ते भिंतीला म्हणा. अडले तर खाली पाहा, पण पाहत असताना बोलू नका. असे सगळे वाक्यागणिक झाल्यावर जोडीदाराबरोबर करा, आणि मग भूमिका बदला. शिक्षिकेची वाक्ये तुम्ही म्हटल्याखेरीज ती पुरती कानात बसत नाहीत.

उच्चारांत काय सुधारायचे हे आधी ठरवा, नाहीतर सगळेच सुधारायच्या नादात बोलणे राहून जाते. मराठी माणसाला ‘स्कूल’, ‘स्टेशन’ अशा जोडाक्षरांचा त्रास नाही, त्यामुळे तेथे वेळ घालवू नये. ‘जाड’मधला ज आपल्याकडे असल्यामुळे ‘झू’, ‘झीरो’ यांतला आवाजही दोन दिवसांत जमतो. अडचण आहे ती ‘व’ची. आपला एकच ‘व’ इंग्रजीत दोन जागी लागतो: ‘व्हॅन’मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वन’मध्ये दात कुठेच लागत नाहीत आणि ओठांचा चंबू होतो. आरशासमोर पाच मिनिटे पुरतात. ऱ्हस्व-दीर्घाची दुसरी अडचण: ‘फिल’ म्हणजे भरणे, ‘फील’ म्हणजे वाटणे, ‘आय फिल बेटर’ म्हणणारा काहीतरी अधिक चांगले भरत असतो.

आकडे मात्र स्वतंत्रपणे घोटावेत, कारण तेथल्या चुकीला पैसे पडतात. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. १३ चा जोर शेवटी, ३० चा जोर सुरुवातीला. आणि तरी शंका राहिली तर ‘वन थ्री?’ की ‘थ्री झीरो?’ असे विचारून घ्यावे. दुसरे म्हणजे पंचवीस. मराठीत पाच आधी आणि वीस नंतर, इंग्रजीत उलट. घाईत ५२ आणि २५ यांची अदलाबदल होते. वेळ सांगताना ‘पावणेपाच’चे ‘क्वार्टर टु फाइव्ह’ करण्याऐवजी ‘फोर फॉर्टी-फाइव्ह’, ‘साडेनऊ’चे ‘नाइन थर्टी’ म्हणावे. स्थानकातल्या इंडिकेटरवर गाडीची वेळ जशी दिसते तशी वाचली की झाले.

सावधान. नकारार्थी प्रश्नाच्या उत्तराकडे लक्ष द्या. ‘काल आला नाही?’ असे विचारल्यावर आपण ‘हो, नाही आला’ म्हणतो. इंग्रजीत ‘ही डिडन्ट कम यस्टरडे?’ याचे उत्तर ‘नो, ही डिडन्ट’. ‘यस’ म्हटले तर तो आला होता असा अर्थ होतो, आणि हजेरीपटावरून वाद सुरू होतो.

तपासणी. स्वतःचा आवाज नोंदवा आणि ऐका. पहिल्यांदा लाज वाटते, वाटू द्या. प्रत्येक वाक्याआधी तीन सेकंदांहून अधिक शांतता असेल, तर त्या जागी तुम्ही अजून मराठीतून भाषांतर करत आहात. तेवढीच वाक्ये पुन्हा म्हणा.

## टप्पा ५: तेच वाक्य फिरवणे

संवाद पाठ झाला म्हणून थांबणाऱ्यांचे पुढे काय होते ते सांगतो. मुलाला ताप नसून पोटात दुखत असते, किंवा मुलगा नसून मुलगी असते, आणि पाठ केलेले सगळे गळून पडते. म्हणून प्रत्येक वाक्यात एका वेळी एकच गोष्ट बदला. ‘ही हॅड अ फीव्हर.’ ‘शी हॅड अ फीव्हर.’ ‘शी हॅड अ स्टमक-एक.’ ‘शी हॅज अ स्टमक-एक.’ ‘शी हॅज अ स्टमक-एक, सो शी वोन्ट कम टुडे.’ दहा मिनिटांत एका वाक्याची दहा होतात आणि नवे शब्द दोन-तीनच लागतात. एकदम दोन गोष्टी बदलू नका; माणूस नेमका तेथे घसरतो आणि कोणत्या बदलामुळे घसरला हे त्याला कळत नाही.

## टप्पा ६: त्याच विषयाचे छोटे वाचन

वाचन येथे येते, पहिल्या दिवशी नव्हे. आणि ते संवादाच्या विषयाचेच असावे, म्हणजे निम्मे शब्द कानावरून गेलेले असतात. शाळेच्या संवादाला शाळेची सूचना जोडावी. उदाहरणार्थ:

‘डिअर पेरेंट्स, द स्कूल विल बी क्लोज्ड ऑन मंडे. प्लीज सेंड द फी कार्ड ऑन ट्यूजडे. इफ युअर चाइल्ड इज सिक, प्लीज इन्फॉर्म द क्लास टीचर.’

वाचायचे असे. पहिल्यांदा फक्त डोळ्यांनी, ओळखीच्या शब्दांखाली रेघ मारत; अनोळखी शब्दांखाली नव्हे, कारण तसे केले की पानभर आपले अज्ञानच दिसते. मग तीन प्रश्न: कोणाला सांगितले आहे, केव्हा, आणि काय करायचे आहे? उत्तरे मिळाली तर राहिलेले शब्द तूर्त सोडून द्या. त्यानंतर मोठ्याने दोन वेळा वाचा. शब्दकोश शेवटी, आणि एका वाचनाला तीनच शब्द. ‘इन्फॉर्म’ अडला तर पाहावा. ‘इफ’ अडला तर अवश्य पाहावा, कारण तो लहान शब्द अख्ख्या वाक्याची दिशा बदलतो.

घरात वाचण्यासारखे पुष्कळ पडलेले असते. गोळ्यांच्या पाकिटावर ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ आणि ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’ असे छापलेले असते. (ते सरावासाठी वाचा, गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारा.) बिस्किटाच्या पुड्यावर ‘बेस्ट बिफोर’, विजेच्या बिलावर ‘ड्यू डेट’, बँकेच्या संदेशात ‘डेबिटेड’ आणि ‘क्रेडिटेड’. या शेवटच्या दोन शब्दांची गल्लत मी अनेकांची पाहिली आहे: ‘डेबिटेड’ म्हणजे खात्यातून गेले, ‘क्रेडिटेड’ म्हणजे आले. आणि लोकलच्या डब्यातली साखळी. तिच्याजवळ लिहिलेले असते: ‘टु स्टॉप ट्रेन पुल चेन’. येथे ‘टु’ म्हणजे ‘कडे’ नाही, ‘साठी’, गाडी थांबवण्यासाठी. खाली पुरेशा कारणाशिवाय ओढल्यास १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, असा इशारा असतो. ‘विदाउट’, ‘कॉज’, ‘फाइन’, ‘अप टु’ हे चार शब्द एका पाटीवरून मिळतात. ‘फाइन’ म्हणजे ‘छान’ एवढेच ठाऊक असलेल्यांनी ती पाटी नीट वाचावी.

पाट्यांच्या पुढे गेल्यावर बालभारतीची मराठी माध्यमाची इंग्रजी पाठ्यपुस्तके घ्यावीत. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० मध्ये. त्याआधी शिकलेल्यांचे इंग्रजी पाचवीला सुरू झाले आणि लहान लहान वाक्यांची पायरी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. तिसरी-चौथीचे पुस्तक हातात धरायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. ई-बालभारतीवर ती पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, म्हणजे फोनवर कोण काय वाचते हे शेजारच्याला कळत नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही गोष्टी विनामूल्य आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या, आणि पुष्कळ गोष्टी मराठी व इंग्रजी दोन्हींत मिळतात. पहिल्या पातळीपासून सुरुवात करा आणि इंग्रजी आधी वाचा. मराठी आधी वाचली की इंग्रजी वाचताना डोळे नुसते पानावरून फिरतात.

सावधान. एका पाच ओळींच्या उताऱ्यात सहाहून अधिक शब्द अडत असतील तर उतारा चुकीचा आहे, तुम्ही नाही. तो बाजूला ठेवा. वर्तमानपत्राच्या मथळ्यांपासूनही अजून दूर राहा, कारण मथळ्यांत ‘इज’, ‘आर’ यांसारखी क्रियापदे गाळलेली असतात आणि नवशिक्याला तीच तर शिकायची असतात.

## टप्पा ७: प्रत्यक्ष वापर

सहाव्या दिवशी संवाद खराखुरा करा. फोन करण्यापूर्वी वही समोर ठेवायला हरकत नाही, पण ती उघडायची नाही. न कळल्यास काय म्हणायचे ती दोन वाक्ये आधीच तयार असावीत: ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ आणि ‘प्लीज स्पीक स्लोली.’ ही वाक्ये प्रत्येक संवादाचा भाग समजावीत. काही न कळता ‘यस, यस’ म्हणण्याची सवय फार महागात पडते. नेमका होकार कशाला दिला हे घरी येऊन कळते.

फोन उचलल्यावर आपण ‘बोला’ म्हणतो, त्याचे ‘टेल मी’ करू नका; ते दटावल्यासारखे ऐकू जाते. ‘हॅलो’ किंवा ‘यस, गुड मॉर्निंग’ पुरे. ‘कालच सांगितले’ यातला ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ नव्हे. ‘आय टोल्ड यू यस्टरडे’ एवढेच म्हणावे, आणि ‘टोल्ड टु यू’ नको. निरोप घेताना तर विशेष जपावे. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी फोर्टमधल्या एका कचेरीत कागद देऊन निघालो आणि सवयीप्रमाणे ‘येतो’ म्हणावे तसे ‘आय ॲम कमिंग, सर’ म्हणालो. साहेब खुर्ची मागे सरकवून थांबले. मी दारापर्यंत गेलो, मागे वळून पाहिले, ते अजून माझ्याकडेच पाहत होते. काही क्षणांनी त्यांनी विचारले, ‘फ्रॉम व्हेअर?’ आपण जाताना ‘जातो’ म्हणत नाही हे त्यांना कसे ठाऊक असणार? तेव्हा निघताना ‘आय हॅव टु गो नाऊ. बाय.’

तपासणी. संवाद संपल्यावर लगेच, त्याच मिनिटाला, वहीत एक ओळ लिहा: कोणत्या वाक्याला अडलो? व्याकरण चुकले की नाही ते नंतर पाहू. समोरच्याने पुन्हा विचारले ते वाक्य कोणते, तेवढेच नोंदवा.

## टप्पा ८: लिहिणे आणि उजळणी

आता तो संवाद न पाहता इंग्रजी अक्षरांत लिहून काढा आणि मूळ पानाशी ताडून पाहा. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करा, पण नक्कल दहा वेळा करू नका. शाळेतली ती शिक्षा आता लागू नाही. शाळेच्या उदाहरणात लिहिण्याचे काम आपोआप येते, कारण शिक्षिकेने चिठ्ठी मागितली आहे. तीन ओळी पुरतात: ‘डिअर टीचर, माय सन हॅड अ फीव्हर यस्टरडे, सो ही डिडन्ट कम टु स्कूल. ही इज बेटर नाऊ. थँक यू.’ बोललेलीच वाक्ये आहेत. म्हणूनच लिहिणे शेवटी ठेवले.

पुढच्या सोमवारी नवा संवाद घ्या, पण सुरुवातीची पाच मिनिटे जुन्यासाठी ठेवा. पहिल्या महिन्यात प्रत्येक जुना संवाद आठवड्यातून एकदा, दुसऱ्या महिन्यापासून पंधरवड्यातून एकदा म्हणावा. जे वाक्य तीन वेळा त्याच जागी अडेल त्याच्यासाठी सगळा संवाद पुन्हा करू नका. तेवढेच वाक्य घेऊन तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ऐकण्यावर, परत जा. बहुतेक वेळा ते नीट ऐकलेलेच नसते.